सेल टेस्टिंगचा ग्राफ ओळींवरून नाही, स्टेपवरून काढा

हिंगणा एमआयडीसीतल्या एका पॅक बनवणाऱ्या युनिटमधून प्रश्न आलाय. थोडक्यात असा: "ई-रिक्षासाठी ५१.२ व्होल्टचे पॅक बनवतो. १०० अँपिअर-तासांचे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल येतात, आठ चॅनेलच्या टेस्टरवर त्यांचं सायकलिंग, म्हणजे पुन्हापुन्हा चार्ज-डिस्चार्ज करतो. टेस्टरच्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेळी एकाच सेलचा ग्राफ दिसतो आणि एक्सेल फाइल उघडता उघडत नाही. पायथॉन थोडंफार येतं. व्होल्टेज विरुद्ध कपॅसिटी काढायला गेलो तर आडव्यातिडव्या रेघांचं जाळं आलं. पहिल्या सायकलची एफिशियन्सी (काढलेला चार्ज भागिले भरलेला चार्ज) १४० टक्क्यांच्या वर दिसते. एका सेलचा ग्राफ तर ५८ सायकलींनंतर संपतोच, टेस्ट मात्र २०० सायकली चालली होती. कोणतं टूल वापरू?"

भाऊ, टूलचं आधी सांगतो. पांडाज (पायथॉनमध्ये टेबलं हाताळायला) आणि मॅटप्लॉटलिब (ग्राफ काढायला) एवढ्यावर तुमचं सगळं काम होतं. तयार पॅकेजेस आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय. पण तुमच्या तिन्ही अडचणी कुठल्याही टूलमध्ये तशाच येतील, कारण त्या फाइलच्या रचनेतून आल्यात. मी गेली चौदा वर्षं नागपुरातच सेल तपासतोय. नव्या मुलांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: टेस्टरची फाइल म्हणजे ओळींची यादी समजू नका, ती स्टेपची माळ आहे. स्टेप म्हणजे चार्ज, रेस्ट किंवा डिस्चार्जचा एक सलग टप्पा. ग्राफचं एकक स्टेप. हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

तुमच्याच सेलची एक सायकल घेऊ. ५० अँपिअरने ३.६५ व्होल्टपर्यंत चार्ज, तिथे व्होल्टेज धरून करंट ५ अँपिअरवर येईपर्यंत थांबायचं, अर्धा तास रेस्ट, मग ५० अँपिअरने २.५ व्होल्टपर्यंत डिस्चार्ज, परत अर्धा तास रेस्ट. सगळं मिळून पाच तास. दर सेकंदाला एक नोंद धरली तर एका सायकलीच्या १८,००० ओळी होतात. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. भागाकार करून बघा, ५८ सायकली येतात. तुमचा ग्राफ तिथेच तुटलाय. टेस्टरच्या सॉफ्टवेअरने पुढचा डेटा दुसऱ्या शीटमध्ये, तिसऱ्या शीटमध्ये लिहिला असणार, पण पांडाजचं रीड एक्सेल हे फंक्शन सांगितलं नाही तर फक्त पहिली शीट वाचतं. शीट नेमच्या जागी नन दिलं की सगळ्या शीट मिळतात, मग नोंदींच्या तेवढ्या शीट निवडून एकाखाली एक जोडायच्या. जमत असेल तर एक्सेलऐवजी सीएसव्हीच काढा, वाचायला कितीतरी पट वेगवान. एकदा वाचून झालं की पार्के फॉरमॅटमध्ये साठवा, म्हणजे रोज सकाळी तीच फाइल वाचत बसावं लागणार नाही. मूळ फाइलला मात्र हात लावायचा नाही. त्यात एक ओळही हाताने दुरुस्त करायची नाही. दुरुस्ती करायची ती स्क्रिप्टमध्ये, म्हणजे सहा महिन्यांनीही कळतं की काय बदललं होतं.

वाचतानाच तीन गोष्टी तपासून घ्या. करंट अँपिअरमध्ये आहे की मिलिअँपिअरमध्ये. तारीख आपल्या पद्धतीने दिवस-महिना आहे की महिना-दिवस. ०५/०६ हे पाच जून की सहा मे हे पांडाजला सांगावं लागतं, नाहीतर पहिले बारा दिवस उलटे वाचले जातात. आणि फाइल उघडतानाच एन्कोडिंगची चूक आली तर घाबरू नका. चीनमध्ये बनलेल्या टेस्टरच्या सीएसव्ही बऱ्याचदा जीबीके एन्कोडिंगमध्ये असतात. ते नाव दिलं की उघडतात.

आता रेघांचं जाळं. बऱ्याच टेस्टरमध्ये कपॅसिटीचा कॉलम प्रत्येक स्टेपच्या सुरुवातीला शून्यावर येतो. चार्ज संपताना तुमचा बिंदू १०० अँपिअर-तास आणि ३.६५ व्होल्टवर असतो. पुढच्याच ओळीला रेस्ट सुरू होते, कपॅसिटी शून्य, व्होल्टेज ३.६ च्या आसपास. मॅटप्लॉटलिबला स्टेप बदलल्याचं कळत नाही, ते हे दोन बिंदू सरळ रेघेने जोडतं. डिस्चार्ज संपल्यावर तेच. २०० सायकलींच्या अशा चारेकशे फुकटच्या रेघा होतात, खरा कर्व्ह त्यांच्याखाली दबतो. काही टेस्टरवर उलटं असतं, कपॅसिटी शून्यावर येतच नाही, सायकलमागून सायकल साचत जाते आणि ग्राफ उजवीकडे पळत सुटतो. तुमचा टेस्टर काय करतो ते पहिल्या दोन सायकली डोळ्यांनी वाचून ठरवा.

यावरचा उपाय म्हणजे स्टेप स्वतः ओळखायची. मी हे कसं करतो ते सविस्तर लिहितो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

प्रत्येक ओळीला एक अवस्था द्यायची: करंट अधिक ०.२ अँपिअरपेक्षा जास्त तर चार्ज, उणे ०.२ पेक्षा कमी तर डिस्चार्ज, मधलं सगळं रेस्ट. शून्याशी तुलना करायची नाही, कारण रेस्टमध्येही टेस्टर कधी ०.०१, कधी उणे ०.०२ दाखवतो. काही यंत्रं डिस्चार्जचा करंट धन दाखवतात आणि वेगळ्या कॉलममध्ये 'डिस्चार्ज' असं लिहितात. तिथे आधी चिन्ह लावून घ्यायचं. मग अवस्थेचा कॉलम एक ओळ खाली सरकवून मूळ कॉलमशी ताडून बघायचा. जिथे फरक पडला तिथे नवी स्टेप सुरू झाली. या हो-नाहीची चालू बेरीज घेतली की प्रत्येक ओळीला आपोआप स्टेप क्रमांक मिळतो. पांडाजमध्ये शिफ्ट आणि क्यूमसम, दोनच शब्दांचं काम.

माझ्या समोर आत्ता अशाच एका सेलची फाइल उघडी आहे. ११:४२:०७ ला करंट ५.०१, व्होल्टेज ३.६५०. ११:४२:०८ ला करंट ०.००, व्होल्टेज ३.६१४. या दोन ओळींच्या मधोमध स्टेप क्रमांक २ चा ३ होतो. इथे रेघ तुटली पाहिजे. एक तर स्टेपवार ग्रुपबाय करून प्रत्येक स्टेप वेगळी काढा, नाहीतर प्रत्येक स्टेपच्या शेवटी एक रिकामी, म्हणजे नॅन ओळ घाला. मॅटप्लॉटलिब नॅनपाशी रेघ तोडतं. शेकडो सायकली असतील तर नॅनचा मार्ग बराच जलद.

तुम्ही म्हणाल, टेस्टर स्वतः स्टेप क्रमांक देतोच की, तो का नको? तो प्रोग्रामच्या ओळीचा क्रमांक असतो. प्रत्येक सायकलीत चार्ज म्हणजे स्टेप २ च. नुसता त्यावर ग्रुप केला तर २०० चार्ज एका ढिगात पडतात. सायकल क्रमांकाची जोड दिली तरी एमआयडीसीत लाइट गेली, टेस्टर परत सुरू झाला, की काही यंत्रांत सायकल पुन्हा १ पासून मोजली जाते. स्वतः मोजलेला क्रमांक फक्त वाढत जातो, त्याला या कशाचा धक्का लागत नाही. टेस्टरचा क्रमांक ठेवून द्या. चार्जमधला सीसी (स्थिर करंटचा) आणि सीव्ही (स्थिर व्होल्टेजचा) भाग वेगळा करायला तो कामी येतो.

स्टेप हाती आल्या की प्रत्येकीची एक ओळ करा: सुरुवात, शेवट, सरासरी करंट, शेवटचं व्होल्टेज, कपॅसिटी, सरासरी तापमान, सर्वाधिक तापमान. छत्तीस लाख ओळींची फाइल हजारभर ओळींवर येते. बहुतेक ग्राफ या छोट्या टेबलवरूनच काढायचे असतात.

इथेच एक पडताळणी आहे, ती मी कधीही टाळत नाही. करंट आणि वेळ यांवरून कपॅसिटी स्वतः मोजायची: नमपायने करंटचं वेळेवर समलंब पद्धतीने इंटिग्रेशन करा, ३६०० ने भागा. टेस्टरने दिलेल्या आकड्याशी ताडा. हजारात एखाद-दोन भागांचा फरक ठीक. हजारपट फरक आला तर मिलिअँपिअर. पाच-दहा टक्के आला तर मध्ये नोंदी गळाल्यात. लागोपाठच्या ओळींमधलं वेळेचं अंतर काढून बघा, कुठे एका सेकंदाच्या जागी चाळीस मिनिटं सापडतील. त्या सायकलीवर खूण करा आणि ग्राफमध्ये ती पोकळ बिंदूने दाखवा. गुपचूप काढून टाकू नका.

१४० टक्क्यांचं उत्तर सोपं आहे. सेल कारखान्यातून पूर्ण रिकामा येत नाही, साधारण तीस टक्के किंवा त्याहून थोडा जास्त चार्ज होऊन येतो. तुमची पहिली स्टेप चार्ज आहे. सेलमध्ये आधीच ३० होते, तुम्ही ७० भरले आणि १०० काढले. १०० भागिले ७०, १४३ टक्के. सेल जादू करत नाहीये, स्क्रिप्टही चुकलेली नाही. पहिला डिस्चार्ज प्रोग्राममध्ये वेगळा घाला आणि सायकल तिथून पुढे, चार्जपासून मोजा.

पण एफिशियन्सीच्या ग्राफमध्ये यापेक्षा मोठा धोका आहे. ०.९९९० आणि ०.९९९९ यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो. समजा सायकलिंगमध्ये वाया गेलेलं सगळं लिथियम कायमचं गेलं, तर पहिल्या सेलमध्ये हजार सायकलींनंतर ३७ टक्के उरेल, दुसऱ्यात ९० टक्के. खऱ्या सेलमध्ये हिशोब इतका सरळ नसतो, पण चौथ्या दशांशाला किती वजन आहे ते यावरून कळतं. आता तुमच्या टेस्टरचा कागद काढा आणि करंटची अचूकता बघा. फुल स्केलच्या ०.१ टक्के असेल आणि चॅनेल १०० अँपिअरचा असेल तर चूक १०० मिलिअँपिअरपर्यंत असू शकते. ५० अँपिअरच्या डिस्चार्जमध्ये ते हजारात दोन भाग झाले. म्हणजे तिसरा दशांशही डळमळीत. असा ग्राफ काढून "हा सेल त्या सेलपेक्षा टिकाऊ" म्हणणं म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर सोनं तोलणं. एकाच सेलचा कल, एकाच चॅनेलवर, हे बघायला हरकत नाही. दोन चॅनेलवरच्या दोन सेलची तुलना या आकड्यावरून करू नका.

आता आपल्या गावाची गोष्ट, आणि माझ्या मते या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

काही वर्षांपूर्वी ३२७०० आकाराचे, ६ अँपिअर-तासांचे एलएफपी सेल आम्ही १सी दराने, म्हणजे तासाभरात पूर्ण रिकामा होईल अशा करंटने, सायकल करत होतो. खोलीत डेझर्ट कूलर, थर्मल चेंबर नाही. कपॅसिटी विरुद्ध सायकल क्रमांक असा ग्राफ काढला, तर सरळ उतरती रेघ येण्याऐवजी लाटा आल्या. दीडेक टक्क्याची वर-खाली, अगदी नेमाने. मला वाटलं क्लिप सैल आहे. दोनदा क्लिप बदलल्या, टर्मिनल घासून साफ केले, लाटा तशाच. मग एका संध्याकाळी शिखरं मोजत बसलो. दर आठ सायकलींनी एक शिखर. एक सायकल तीन तासांची होती. आठ त्रिक चोवीस. सेल आपल्याला नागपूरची दुपार आणि पहाट दाखवत होता.

ग्राफच्या खाली त्याच आडव्या अक्षावर खोलीचं तापमान काढलं आणि दोन्ही लाटा एकावर एक बसल्या. सेल गरम असला की आतला रोध कमी होतो, डिस्चार्जमध्ये व्होल्टेज उशिरा पडतं, २.५ व्होल्टची सीमा उशिरा येते, म्हणून कपॅसिटी जास्त दिसते. मार्चमध्ये सुरू केलेल्या टेस्टमध्ये कपॅसिटी नवतपा (मे-अखेरचं कडक ऊन) येईपर्यंत वाढतच गेलेली दिसली होती. आम्ही अहवालात लिहूनही टाकलं की सेल सुरुवातीच्या सायकलींत सुधारतात. जुलैत पाऊस लागला, खोली थंड झाली आणि कपॅसिटी एकदम खाली आली. ग्राहकाचा फोन आला की सेल मेले. सेल मेले नव्हते. पण त्या उन्हाळ्यात ४० अंशांच्या वर काढलेल्या सायकलींनी त्यांचं आयुष्य खरोखर कमी केलं होतं, आणि तीच झीज वाढत्या तापमानामागे लपून राहिली होती. उष्णता कपॅसिटी आज वाढवून दाखवते आणि उद्याची खाते, दोन्ही एकाच वेळी. नुसत्या कपॅसिटीच्या ग्राफवर हे दोन परिणाम वेगळे करता येत नाहीत.

म्हणून माझा नियम: नागपुरात काढलेल्या सायकलिंगच्या प्रत्येक ग्राफखाली तापमानाची पट्टी असलीच पाहिजे. मॅटप्लॉटलिबमध्ये सबप्लॉट्स घेताना आडवा अक्ष सामाईक ठेवा, वर कपॅसिटी, खाली तापमान, उंचीचं प्रमाण तीनास एक. एकाच चौकटीत दोन उभे अक्ष घालू नका. मोजपट्टी हवी तशी ताणून कोणत्याही दोन रेघा जुळवता येतात. चेंबर नसेल तर दर ५० सायकलींनी एक संदर्भ सायकल घ्या. एसीच्या खोलीत, २५ अंशांवर, सेल काही तास मुरू देऊन, ०.२सी सारख्या संथ दराने. ग्राफमध्ये ते बिंदू ठळक भरलेले, बाकीचे फिके. ग्राहकाला दाखवायची रेघ ठळक बिंदूंची.

थर्मोकपल (तापमानाचा सेन्सर) कुठे लावलाय हेही लिहून ठेवा. प्रिझमॅटिक, म्हणजे चपट्या डब्यासारख्या सेलच्या रुंद बाजूच्या मध्यावर, कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने) घट्ट. टर्मिनलवर लावला तर तो सेलचं नाही, जोडाचं तापमान सांगतो. एक सेन्सर खोलीच्या हवेत वेगळा हवा. आणि कूलर कुठे आहे ते बघा. आमच्याकडे चॅनेल १ ते ४ कूलरच्या झोतात होते, ५ ते ८ भिंतीकडे. कित्येक महिने पहिल्या चौघांवरचे सेल थोडे कमी कपॅसिटीचे निघत राहिले, आणि आम्ही त्यांना कमी दर्जाच्या ढिगात टाकत राहिलो. नंतर एकच सेल आठही चॅनेलवर फिरवला तेव्हा कळलं की फरक सेलचा नाही, जागेचा आहे. तुम्ही हे पहिल्याच आठवड्यात करा. आठ बिंदूंचा साधा ग्राफ आहे, पण पुढच्या सगळ्या ग्राफवर किती भरवसा ठेवायचा ते तो सांगतो.

पॅकसाठी सेल जुळवताना हे थेट पैशाचं काम आहे. तुमच्या पॅकमध्ये १६ सेल सिरीजमध्ये. सगळ्यात कमी कपॅसिटीचा सेल आधी रिकामा होतो आणि बीएमएस (पॅकवर लक्ष ठेवणारं सर्किट) अख्खा पॅक बंद करतं, बाकी पंधरांत चार्ज शिल्लक असला तरी. म्हणून सायकलिंगच्या ग्राफपेक्षा तुमच्या रोजच्या उपयोगाचा ग्राफ वेगळा: आडव्या अक्षावर कपॅसिटी, उभ्या अक्षावर रोध, प्रत्येक सेलचा एक बिंदू, लॉटनुसार रंग. एकाच लॉटचे बिंदू गुच्छाने बसतात, गुच्छाबाहेरचा सेल लगेच दिसतो. सरासरीच्या आकड्यातून तो कधीच दिसला नसता.

रोध काढताना अर्धा चार्ज असलेल्या, तासभर शांत बसलेल्या सेलवर १० सेकंदांचा ५० अँपिअरचा पल्स द्या. आधीचं व्होल्टेज ३.३०२, दहाव्या सेकंदाला ३.२५२, फरक ०.०५० भागिले ५०, म्हणजे १ मिलिओहम. इतक्या छोट्या आकड्यात वायरचा आणि क्लिपचा रोध सहज मिसळतो, म्हणून व्होल्टेजच्या दोन तारा करंटच्या तारांपासून वेगळ्या, थेट टर्मिनलवर टेकलेल्या हव्यात. पल्स दर सेकंदाच्या नोंदीने पकडू नका, त्या स्टेपपुरती नोंद सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यावर आणा. आणि फाइल हलकी करायला दर दहावी ओळ ठेवायची सवय असेल तर पल्सच्या स्टेप आधी बाजूला काढा, नाहीतर नेमकी हवी ती ओळ गळून जाते.

व्होल्टेज-कपॅसिटी ग्राफमध्ये दोनशे सायकली एकदम काढू नका. १, १०, ५०, १००, १५०, २०० एवढ्या पुरतात. रंग सायकल क्रमांकानुसार गडद ते फिका असा चढता घ्या, व्हिरिडिस ही रंगमाला उत्तम, आणि लेजंडऐवजी बाजूला कलरबार. इंद्रधनुषी जेट नको. त्यात पिवळा पट्टा डोळ्यांत भरतो आणि तिथे काहीतरी घडलंय असा भास होतो. कपॅसिटी टक्क्यांत दाखवलीत तर १०० टक्के कशाला धरले ते अक्षावरच लिहा, छापील १०० अँपिअर-तासांना की पहिल्या मोजणीला. छापील १०० चा सेल नवा असताना १०३ देत असेल, तर ८० टक्क्यांची रेघ कुठे पडते यात जवळजवळ अडीच अँपिअर-तासांचा फरक येतो, आणि वॉरंटीची भांडणं त्याच फरकावरून होतात.

डीक्यू बाय डीव्हीचा ग्राफ (व्होल्टेज एवढंसं बदललं की कपॅसिटी किती बदलते) तुम्ही विचारलेला नाही, तरी लवकरच काढावासा वाटेल म्हणून दोन शब्द. एलएफपीचं व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे भागाकारात खाली अतिशय छोटा आकडा येतो आणि ग्राफ काटेरी होतो. दोन मिलिव्होल्टच्या समान पायऱ्यांवर कपॅसिटी आधी इंटरपोलेट करा, मग सायपायमधला सॅवित्स्की-गोले फिल्टर लावा, मग डेरिव्हेटिव्ह घ्या. क्रम हाच. फिल्टरची खिडकी सगळ्या सेलना सारखी ठेवा आणि तिचा आकडा ग्राफच्या कोपऱ्यात छापा. खिडकी मोठी केली की शिखर बुटकं होतं, आणि ते सेलच्या झिजेसारखंच दिसतं. यासाठीचा चार्ज ०.०५सी सारखा संथ हवा. १सी वर शिखरं एकमेकांत मिसळतात. एलएफपी-ग्राफाइट सेलमध्ये दिसणारी शिखरं मुख्यतः ग्राफाइटच्या, म्हणजे ऋण इलेक्ट्रोडच्या, टप्प्यांची असतात. चार्जमधलं सगळ्यात उजवीकडचं शिखर सायकलींबरोबर आटत गेलं, तर वापरात येणारं लिथियम कमी होतंय असं समजायचं.

याच्याच जवळचा, पण काढायला सोपा ग्राफ २०१९ मध्ये नेचर एनर्जीत आलेल्या एका कामातून सगळ्यांपर्यंत पोहोचला. एमआयटी, स्टॅनफर्ड आणि टोयोटा रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांनी १२४ एलएफपी-ग्राफाइट सेल मरेपर्यंत सायकल केले. कोणी १५० सायकली टिकला, कोणी २३००. शंभराव्या सायकलीला कपॅसिटीच्या ग्राफवर फारसा फरक दिसत नव्हता. पण शंभराव्या आणि दहाव्या सायकलीचे डिस्चार्ज कर्व्ह एकाच व्होल्टेजच्या पायऱ्यांवर आणून वजा केले, तर ती वजाबाकीची रेघ लवकर मरणाऱ्या सेलमध्ये जास्त वाकलेली होती. तुमच्याकडे दोन्ही कर्व्ह आहेतच. वजाबाकी करून आठही सेल एका चौकटीत काढा. एखादा सेल बाकी सातांपासून फटकून दिसला तर त्याच्यावर नजर ठेवा. तापमान दोन्ही सायकलींना सारखं असलं पाहिजे हे आता वेगळं सांगायला नको.

तो सगळा डेटा खुला आहे. नासाच्या एम्स केंद्राचा जुना संचही खुला आहे, त्यात बी०००५ नावाचा १८६५० सेल आहे. १.५ अँपिअरने ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज, २ अँपिअरने २.७ पर्यंत डिस्चार्ज. पहिली कपॅसिटी साधारण १.८६ अँपिअर-तास, एकूण १६८ डिस्चार्ज. तुमची स्क्रिप्ट आधी त्यावर चालवा. १६८ डिस्चार्ज स्टेप आणि १.८६ मिळाले तर स्टेप ओळखणं बरोबर. त्या ग्राफवर मधूनमधून कपॅसिटी एकदम वर उडी मारते. ती तुमची चूक नाही, लांब विश्रांतीनंतर सेल तेवढं परत देतो.

तयार पॅकेजेसपैकी सेलपाय हे नॉर्वेच्या इन्स्टिट्यूट फॉर एनर्जी टेक्नॉलॉजीतून आलंय. ते डेटा मूळ नोंदी, स्टेप आणि सायकलवार गोषवारा अशा तीन टेबलांत ठेवतं, म्हणजे वर सांगितलेलीच रचना. अनेक टेस्टर, अनेक सेल, असा पसारा वाढला की ते घ्या. बायोलॉजिकच्या फाइल वाचायला गल्वानी आहे. टोयोटा रिसर्चचं बीप मोठ्या संचांसाठी. पायबॅम सेलचं गणिती मॉडेल चालवतं, टेस्टरच्या फाइलचे ग्राफ काढणं त्याचं काम नाही. नावावरून पुष्कळ जण तिथे जातात आणि आठवडा घालवतात. आठ चॅनेल आणि एकच टेस्टर असेपर्यंत स्वतःची दीडशे ओळींची स्क्रिप्ट बरी. प्रत्येक ओळ तुम्हाला माहीत असते.

शॉप फ्लोअरवरच्या मुलांसाठी अक्षांवर मराठी लिहायचं असेल, आणि मी लिहितोच, तर मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, चौकोन उमटतात. नोटो सान्स देवनागरी लावला तरी मी वापरतो त्या आवृत्तीत पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. मराठी ग्राफ मी प्लॉटलीत काढतो. तिथे अक्षरं ब्राउझर मांडतो, त्यामुळे 'डिस्चार्ज' नीट दिसतं, आणि बिंदूवर बोट ठेवलं की सेलचा नंबरही कळतो.

शेवटचा ग्राफ, जो रात्रपाळीच्या माणसासमोर चालूच असायला हवा: चार्जच्या सीव्ही भागातला करंट, उभा अक्ष लॉगरिदमिक, सोबत सेलचं तापमान. चांगल्या सेलचा करंट उतरत उतरत ५ अँपिअरवर येतो आणि स्टेप संपते. एखाद्या सेलचा करंट ८ वर, ९ वर अडकून राहिला आणि तापमान चढत असेल, तर आत गळती आहे. प्रोग्राममध्ये सीव्हीला वेळेची मर्यादा आणि तापमानाची मर्यादा दोन्ही घाला, आणि तो सेल त्याच रात्री उतरवून बाहेर वाळूच्या बादलीत ठेवायला सांगा.